पपनसाचं सरबत
काल मुलुंडच्या बाजारातून पपनस आणलं आणि सोलताना तो कडसर वास नाकात शिरला, तशा सासूबाई आठवल्या. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. नवऱ्याच्या वाढदिवसाला मित्र येणार होते, म्हणून मी सासूबाईंनी गावाहून आणलेलं पपनस पांढऱ्या सालीसकट मिक्सरला लावलं, त्यात व्होडका ओतली आणि सगळं कडूजहर झालं. साखर घातली तरी कडूच! तेवढ्यात देवळात गेलेल्या सासूबाई लवकर परतल्या. बाटली मी घाईघाईत पिंपामागे सरकवली आणि म्हटलं, "सरबत करतेय." त्यांनी नेहमीसारखे दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले. "सालीसकट वाटलंस काय गो? कडूच होतला मगे!" असं म्हणत त्यांनी गूळ किसून घातला, चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा चाखलं. झकास जमलं होतं. तरी त्यांनी हात परत पुढे केला. "अजून जरासा दी. चव नीट कळूक नाय." आता त्या नाहीत. मी पांढरी साल नीट काढते, गूळ-मीठ घालते आणि चव तळहातावरच बघते. पहिल्या थेंबातच कळते, तरी तीनदा बघते.