पिंपळटाकीचा थांबा

अपडाऊन करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तिघांच्या बाकावर चौथा येऊन बसतो, तसे ते येतात. 'जरा सरका भाऊ' म्हणतात आणि मग अकोल्यापर्यंत उठत नाहीत. मी पिंपळटाकी ते अकोला हा प्रवास वीसेक वर्षं केला. पेपरात कोर्ट आणि जिल्हा परिषद लिहिली, पुढाऱ्यांशी भांडलो, दोनदा संपादकांशीही भांडलो. त्यातलं आज कुणाला काही आठवत नाही. भेटलेला माणूस विचारतो तो तिसऱ्या डब्याबद्दल.

तिसरा डबा म्हणजे सकाळच्या पॅसेंजरचा, इंजिनापासून मोजून तिसरा. बडनेऱ्याहून निघालेली ही गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडं आमच्या गावाला एक मिनिट थांबायची. त्या एका मिनिटावर आमच्या नोकऱ्या उभ्या होत्या. मग लॉकडाऊन आलं, सगळ्याच गाड्या बंद झाल्या. लॉकडाऊन उठलं, पॅसेंजर सुरू झाली, आणि पिंपळटाकीवरून शिट्टी मारत सरळ निघून जाऊ लागली. थांबा काढून टाकला होता. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगताना मधेच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

* * *

आमचं स्टेशन मुळात माणसांसाठी बांधलंच नव्हतं. इंग्रजांनी ते कापसासाठी बांधलं. मालधक्का असा उंच, की बैलगाडीतून गाठ सरकवली की थेट मालगाडीच्या वाघिणीच्या दारात. माणसांचा प्लॅटफॉर्म मात्र जमिनीला चिकटलेला. गाठीला धक्का आणि माणसाला उडी, असा सगळा हिशेब.

इंग्रज गेले, जिनिंग बंद पडलं, गाठी गेल्या. धक्क्यावर बाभळी उगवल्या. प्लॅटफॉर्म होता तिथंच राहिला. मी त्यावर तीन बातम्या आणि एक अग्रलेख लिहिला. प्लॅटफॉर्म बोटभरही उचलला गेला नाही.

तो प्रश्न बाबारावांनी सोडवला. बाबाराव स्टेशनचे पॉइंटमन. रुळांचे सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, आणि फावल्या वेळात आम्हा सगळ्यांना रागवायचं, ही त्यांची ड्यूटी. आमच्या डब्यात पुष्पाताई सिरसाट असायच्या, अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांना चढता यावं म्हणून बाबारावांनी कुठून तरी एक जाड लाकडी पेटी पैदा केली. रोज सकाळी ती एका ठरलेल्या जागी ठेवायची, आणि ड्रायव्हरनं तिसऱ्या डब्याचं दार बरोबर तिच्यासमोर आणायचं. सगळे ड्रायव्हर आणायचे.

एकदा नवा ड्रायव्हर आला. डबा दहा पावलं पुढं गेला. बाबाराव तरातरा इंजिनापाशी गेले आणि त्याला म्हणाले, गाडी मागं घे. ड्रायव्हरला हसू आवरेना. बाबा, तुम्हीच ती पेटी पुढं आणा की, असं तो म्हणाला.

बाबारावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"पेटीले चाकं हायेत का?"

* * *

डब्यातले दुसरे मानकरी वानखडे मास्तर. अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दिशा, नकाशे, नद्या सगळं तोंडपाठ. त्यांचा किस्सा आमच्या लाइनीवरचा नाही, बडनेरा-अमरावतीच्या छोट्या गाडीचा आहे, पण डब्यात तो वर्षातून चारदा तरी व्हायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठी लाइन बडनेऱ्याहून जाते. अमरावतीला जायचं तर तिथं उतरून छोट्या गाडीत बसायचं. ती अमरावतीला जाते, आणि पुढं रूळच नाही म्हणून तशीच परत येते. मी कॉलेजात असताना त्या गाडीत बसून परीक्षेचा अर्धा अभ्यास उरकलेला आहे. अर्धाच, कारण तेवढ्यात अमरावती यायची.

तर मास्तर तरुणपणी मुलगी पाहायला अमरावतीला निघाले. एकटेच. आदल्या रात्री शेतात जागल झालेली, त्यामुळं बडनेऱ्याला खिडकीपाशी बसले आणि झोपले. गाडी अमरावतीला गेली, लोक उतरले, नवे चढले, गाडी परत बडनेऱ्याला आली. तेव्हा मास्तरांना जाग आली. ते उतरले, शर्ट नीट केला, प्लॅटफॉर्मवर उभे राहून चहूकडं पाहिलं आणि चहावाल्याला कौतुकानं म्हणाले, "अमरावतीचं स्टेशन तं अगदी आपल्या बडनेऱ्यावानी दिसून राहिलं!"

मुलीचा भाऊ तिकडं अमरावतीला दोन गाड्या पाहून घरी गेला होता. मास्तर शेवटी संध्याकाळी पोचले. लग्न त्याच मुलीशी झालं. मास्तरीणबाई अजून सांगतात, "मंग म्या म्हटलं, ह्यायले रोज उठवणारं कोणी तरी पायजेच."

* * *

आता माझ्यावरचाही सांगतो, नाही तर मास्तर म्हणतील पेपरवाले फक्त दुसऱ्यांचं छापतात.

आमची पॅसेंजर रोज दहा मिनिटं उशिरा यायची. इतकी नेमानं उशिरा, की गावातली घड्याळं तिच्यावर लावावीत. कुणी कुठल्या मिनिटाला घरून निघायचं, टपरीवर चहाचे किती घोट घ्यायचे, हे सगळं त्या दहा मिनिटांवर बसवलेलं. आणि एका सोमवारी ती घड्याळाच्या ठोक्याला आली.

मी फाटकापाशी होतो. मास्तर टपरीवर, बशी ओठाशी. तिसऱ्या डब्यातलं जवळजवळ सगळं गाव रस्त्यात होतं. गाडीत चढल्या त्या एकट्या पुष्पाताई, कारण त्या नेहमीच वेळेच्या आधी यायच्या. आम्ही उरलेले लोक शेतातून धावलो आणि शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिला.

मी एसटीनं उशिरा ऑफिसात पोचलो तो पेटलेलाच. तडक लिहायला बसलो. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर मथळा आला: 'गाडी वेळेवर, प्रवाशांचे हाल'. मास्तरांनी ती बातमी डब्यात उभं राहून, धडा वाचतात तशी वाचली. ऐकून झाल्यावर पुष्पाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, तुमी नेमके कोनाच्या बाजूनं आहा?"

* * *

आमच्या स्टेशनावर एक रीत होती, आणि आम्हाला तिचा फार अभिमान होता.

स्टेशन मास्तर एकटा माणूस. तोच फोन घ्यायचा, तोच सिग्नल पाहायचा, तोच तिकीट द्यायचा. गाडीच्या तोंडावर खिडकीशी गर्दी झाली की त्याची धांदल उडायची. म्हणून बाबारावांनी नियम घालून दिला होता. खिडकीशी कुणी गेलं की ते ओरडायचे, "सायबाले गाडी पाहू द्या न बाप्पा! पास काढा अकोल्याहून!"

आम्ही समजूतदार माणसं. अकोल्याला उतरलो की तिथल्या खिडकीवर महिन्याचा पास काढायचो. जाता-येता दोन्हीकडं चालतो, मग काय. बाजारकरी, शाळेची पोरं, सगळे हेच करायचे. कुणी नवा माणूस खिडकीशी गेला तर आम्हीच त्याला मागं ओढायचो. बदली होऊन जाणारा प्रत्येक स्टेशन मास्तर निरोपाच्या वेळी म्हणायचा, एवढे चांगले प्रवासी कुठं पाहिले नाहीत.

त्यानं पाहिलेच नव्हते, हे आम्हाला फार पुढं कळलं.

* * *

थांबा गेला तेव्हा मी लेखणी परजली. लेख लिहिले, निवेदनं लिहिली, पुढाऱ्यांना फोन केले. बाकीच्यांचं कसं तरी भागत होतं. मास्तर तेव्हा रिटायर झालेले, मीही नोकरी सोडून घरूनच लिहीत होतो. प्रश्न पुष्पाताईंचा होता. सकाळच्या ड्यूटीला पोचेल अशी एसटी नाही. घरी नवरा अर्धांगानं आजारी, त्याला एकटं टाकून अकोल्यात खोली घेता येत नाही. तोवर दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सबाईंशी ड्यूट्या बदलून त्या दिवस काढत होत्या.

"नोकरीचे दोन वर्षं राहिले भाऊ," त्या मला म्हणाल्या. "थांबा नाही आला तं मले नोकरी सोडा लागन. बाकी काही नाही."

ते 'बाकी काही नाही' माझ्या डोक्यात बसलं. बस ठरवून आम्ही तीसेक जण रेल्वेच्या वरच्या ऑफिसात गेलो. साहेब सभ्य होता, त्यानं सगळ्यांना आत घेतलं. मी टेबलावर हात आपटला. कापसापासून सुरुवात केली, इंग्रजांना झोडपलं, मग हळूहळू साहेबापर्यंत आलो. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं एक कागद पुढं ओढला.

"थांबा होता तेव्हा तुमच्या स्टेशनवर महिनाभरात जेवढी तिकिटं विकली जायची," तो म्हणाला, "त्याहून जास्त माणसं आत्ता माझ्या खोलीत उभी आहेत."

मी म्हणालो, तुमचा कागद खोटा आहे. पुरावा म्हणून खिशातून माझा जुना पास काढला आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. मास्तरांनी त्यांचा ठेवला. पुष्पाताईंनी ठेवला. साहेबानं एकेक उचलला, पाहिला आणि पत्ते मांडावे तसे ओळीनं मांडले. सगळे अकोल्याहून काढलेले.

आयुष्यात मी पहिल्यांदा मुलाखत अर्धवट टाकून उठलो.

परतताना बाबाराव बसच्या मागच्या सीटवर होते. मूर्तिजापूर गेल्यावर ते एकदाच बोलले.

"थांबा म्याच खाल्ला."

* * *

साहेबानं एक मात्र केलं. सहा महिन्यांचा प्रायोगिक थांबा दिला. गाडी थांबेल, तिकिटं किती जातात ते पाहू, मग ठरवू.

मग गावाला प्रवासाचा झटका आला. ज्याला अकोल्याला काम आहे तो जायचाच, पण ज्याला नाही तोही काम काढू लागला. पास कुणी काढेना. रोजचं तिकीट, रोज खिडकीवर. लग्नाचा बस्ता असो की दाताचं दुखणं, गाव पॅसेंजरनं निघायचं. स्टेशन मास्तर घामाघूम. वानखडे मास्तर कटिंग करायला मूर्तिजापूरला जाऊ लागले, पुढं पुढं तर नुसत्या दाढीला. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून ऐकवायच्या, "डोक्यावर चार केस, अन् त्यायच्यासाठी आगगाडी!"

पुष्पाताई पुन्हा पेटीवर पाय ठेवून चढू लागल्या. पेटी बाबारावच ठेवायचे. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पेटी त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी उचलू दिली नाही.

थांबा पुढं कायम झाला. आजही गाडी थांबते. पुष्पाताईंनी दोन वर्षं पुरी केली, आणि शेवटच्या ड्यूटीहून हार गळ्यात घेऊन त्या त्याच पॅसेंजरनं परतल्या. थांबा कशामुळं वाचला, ते फाइलीत लिहिलेलं नाही. माझ्या लेखांमुळं वाचला असं काही लोक म्हणतात. मी त्यांना थांबवत नाही. पण तपासणीच्या दिवशी मी तिथं होतो.

* * *

सहा महिने संपत आले आणि साहेब स्वतः आला. गाडी गेल्यावर तिकीट खिडकीच्या खोलीत बसून त्यानं एकेका दिवसाची नोंद पाहायला घेतली. पुष्पाताई ड्यूटीला गेल्या होत्या. मी, मास्तर आणि आणखी दोघंतिघं दारात उभे होतो. बाबाराव बाहेर बाकावर, पेटी शेजारी.

साहेबाचं बोट एका दिवसावर थांबलं. त्या दिवशी पॅसेंजर रद्द झाली होती. निरोप ऐन वेळेवर आला, तोवर तिकिटं विकून झाली होती. लोकांनी ती परत केली, तशी नोंद होती. पण एक तिकीट परत आलेलं नव्हतं. अकोल्याचं. आणि तसंच एक अकोल्याचं तिकीट, दिवसातलं पहिलं, रोज विकलेलं होतं. पहिल्या दिवसापासून. एकही दिवस चुकलेला नाही, आमच्याकडं म्हणतात तसा एकही नागा नाही.

हा रोजचा प्रवासी कोण, असं साहेबानं विचारलं. स्टेशन मास्तरनं बाहेर बाकाकडं बोट दाखवलं.

मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. बाबाराव रोज खिडकीशी पहिले असायचे, हे मी पाहत होतो. ते गाडीत कधी चढले नाहीत, हेही पाहत होतो. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत.

साहेब बाहेर आला. बाबाराव जुन्या सवयीनं ताठ उभे राहिले. साहेबानं हळू आवाजात विचारलं, की बाबा, त्या दिवशी गाडी आलीच नाही. सगळ्यांनी तिकीट परत केलं. तुम्ही का नाही केलं?

बाबारावांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, आणि मग साहेबाला समजावून सांगितलं.

"नागा गाडीनं केला, सायेब. मी कावून करू?"