गाळावरची राख

वालधुनी नदीच्या काठाने शाळेत गेलेलो मी; दुर्गंधीचं मला काही वाटायचं नाही. तरी संशोधनासाठीचा तो गाळ अंबरनाथच्या आमच्या चाळीत आणला, तेव्हा मलाच मळमळलं. खाडीकाठी खोल बोअर मारून काढलेला, कुजक्या लाकडाचा काळा लगदा. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार, म्हणून गॅलरीत उघड्या ट्रेमध्ये सुकायला ठेवला.

"मेलेली घूस परवडली!" नाकाला पदर लावून आई म्हणाली. मी आंघोळीला गेलो, तेवढ्यात तिने बंबातली राख त्यावर पसरली. घाणीवर राख टाकायची, तिच्या हाताला तेच वळण. तिचं काय चुकलं?

राखेत कोळशाची कणी होती. वरवर झटकली, बरीच राहिली.

हिमयुगात मध्येच एक उबदार काळ येऊन गेला, तेव्हा समुद्र चढला आणि इथे खारफुटी वाढली, असं आमच्या सरांचं म्हणणं. हे लाकूड त्याच काळातलं का, ते रेडिओकार्बनवरून ठरायचं होतं. फार जुन्या लाकडात हा कार्बन जवळजवळ उरतच नाही. त्यात कालच्या सरपणाचा कोळसा जरासा मिसळला, की लाकूड हजारो वर्षांनी तरुण दिसतं. मला हे पाठ होतं. पण पुन्हा बोअर मारायला सांगायचं कोणत्या तोंडाने? सोमवारी नमुना तसाच तपासणीला दिला.

वय सरांना हवं तेच निघालं. पेढे वाटले. माझ्याबरोबर काम करणारी उल्हासनगरची मुलगी त्याच थराचा दुसरा नमुना तपासत होती. तिचं उत्तर आलं: मोजता येणार नाही इतकं जुनं, म्हणजे सरांच्या उबदार काळाच्याही आधीचं.

"बाई, भांडी जरा नीट घासत जा," चूक तिचीच धरून सर सगळ्यांदेखत म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, तोंडात पेढा असताना. आमचा शोधनिबंध माझ्याच नमुन्यावर छापून आला; वर्षभरात ती संशोधन सोडून गेली.

त्या हसण्याची अजून किळस येते. परवा कुळगावात तिच्या शिकवणीच्या क्लासवर गेलो, सगळं सांगितलं. फळा पुसता पुसता तिने ऐकून घेतलं.

"झालास मोकळा?"

तिने डस्टर खाली ठेवलं.

"इथे येऊन काय उपयोग? जिथे छापलंत, तिथे कळव."

घरी येऊन त्या नियतकालिकाला पत्र लिहायला बसलो. पहिलंच वाक्य उतरलं: 'नमुना दूषित झाला असण्याची शक्यता आहे.' शक्यता! वाचून शिसारी आली. कागद फाडला. 'नमुना दूषित होता आणि मला ते माहीत होतं,' असं लिहिलं, सही केली आणि पोस्टात टाकून आलो.