ओल्या काडीचे वीस श्रोते

झोरानाच्या आईचं म्हणणं असं, की पोरीला दारूचं व्यसन असतं तर परवडलं असतं. निदान शेजाऱ्यांना समजावून तरी सांगता आलं असतं. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची बाई. सर्बियातल्या उझित्से गावच्या पेठेत चष्म्याची भिंगं घासते आणि आठवडाभराची कमाई शनिवार-रविवारी एका बँडवर उधळते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बँडचं नाव ‘ओली काडी’. नोवी सादचे तिघंजण. वीस वर्षं घासत होते, पेटले कधीच नाहीत.

पण नाद तो नाद. शुक्रवारी रात्रीचं जेवण झालं की झोराना टेबलावर पत्र्याच्या चकत्या मांडून ओल्या काडीचे बिल्ले तयार करायची. ते विकत घेणारं कुणी नव्हतं. आई त्यातले दोनचार पडद्याला टाचण्या म्हणून लावायची.

त्या शनिवारी सकाळी ती जुन्या बाजारात गेली. तिथं म्हातारा मिलोये बर्फातच ताडपत्री पसरून नळाच्या तोट्या, चुलीची दारं आणि कॅसेटी घेऊन बसतो.

“आलीस? घे, दोन सापडल्यात तुझ्या त्या भिजक्यांच्या,” तो म्हणाला. “तुझ्यासाठीच उचलतो हो. दुसरं कुत्रंही हुंगत नाही.”

त्या कॅसेटच्या कितीतरी प्रती घरात होत्या. तरी तिनं दोन्ही घेतल्या, कारण बँडमधल्या वुकाशिनचा आवाज तोट्यांच्या ढिगात पडलेला तिला बघवत नव्हता. मिलोयेनं तिला येताना पाहूनच भाव दुप्पट केला होता. तिनं घासाघीस केली नाही.

आज तिला असल्या गोष्टींचं काही वाटत नव्हतं. आज संध्याकाळी ओली काडी उझित्सेत वाजवणार होती.

ती कशी येणार होती, हे मात्र आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं झोराना समजत होती. स्रेच्कोच्या तळघरातल्या क्लबाचा नियम साधा होता: शुक्रवार दुपारपर्यंत वीस तिकिटं खपली नाहीत तर कार्यक्रम रद्द. आणि गाणारा वुकाशिन काही वर्षांपूर्वी बिअर पिता पिता तिला म्हणाला होता, “बाकी गावं संपली आमची. तुमचं उझित्से येतंय तोवर आम्ही आहोत.” झालं. तेव्हापासून झोराना एकटीच उझित्से झाली. वीसच्या वीस तिकिटं तीच काढायची. दातांचे डॉक्टर, शाळेतले गणिताचे मास्तर, स्वर्गवासी रादेमामा, अशा मिळतील त्या नावांवर. मग दुकानातल्या मुली, शेजाऱ्यांची पोरं, कुणाला बिअरचं आमिष, कुणाला गळ घालून दहाबारा डोकी हाकत आणायची. बँडला वाटायचं, गाव आपल्यावर जीव टाकतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त लष्करालाही पत्ता नव्हता.

यंदा स्रेच्कोनं तारीख दिली ती नेमकी संत निकोलाच्या दिवसाची. त्या दिवशी अर्ध्या उझित्सेच्या घरी स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्याकडे जेवायला. तारीख बदला म्हटलं तर हा कार्यक्रमच उडवेल, म्हणून ती गप्प राहिली. मेलेल्यांची तिकिटं काढण्याच्या नादात तिनं जिवंतांच्या सणाकडे काणाडोळा केला. इतकं मूर्ख माणूस प्रेमातच होऊ शकतं.

संध्याकाळी बँडची गाडी घाटातल्या बर्फातून रखडत पोचली. ढोल वाजवणारा तिहोमिर कोट न काढता खुर्चीत बसला.

“आज स्लावा आहे माझ्या घरी,” तो स्रेच्कोला सांगत होता. “पाहुणे सोडून आलोय. बाप म्हणाला, आज गेलास तर परत येऊ नकोस. मी म्हटलं, बाबा, तिथं वीस माणसांनी आजच्या दिवशी तिकीट काढलंय. त्यांना तोंड दाखवायला नको का?”

झोराना भिंतीशी बिल्ल्यांचा डबा धरून उभी होती.

वेळ झाली. दिवे लागले. समोर झोराना, मागे स्रेच्को. “बर्फ आहे,” वुकाशिन म्हणाला, “येतील. ते येतातच.” आणि तिघंही हातात वाद्यं धरून जिन्याकडे बघत बसले. त्यांचं ते वाट बघणं तिला बघवेना. ती जिन्यात जाऊन फोन लावू लागली. दुकानातली मुलगी म्हणाली, “ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? घर पाहुण्यांनी भरलंय.” गणिताच्या मास्तरांकडे अकॉर्डियन वाजत होतं, त्यांना काही ऐकूच आलं नाही. शेवटी तिनं आईला लावला. आई शेजारच्या ल्येपोसावाकाकूंकडे स्लावाला होती.

“आई, तिथून मिळतील तेवढी माणसं घेऊन ये. पाया पडते.”

आई एकटीच आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते जिना उतरून आलं. कोटाला राकियाचा, फळांच्या दारूचा वास, हातात तळलेल्या माशांची पुडी. तिनं रिकामं तळघर डोळाभर पाहून घेतलं.

“बाकीचे कुठायत?”

“येतील, मावशी,” वुकाशिन म्हणाला.

“कोण येणार बाबा? तिकिटांचा गठ्ठा तर आमच्या पिठाच्या डब्यात आहे.” ती लेकीकडे वळली. “रादेमामाचंपण काढलंयस ना गं? तो बरा येईल आता, कबरीतून उठून.”

कुणी हसलं नाही. वुकाशिननं गिटार मांडीवर आडवी ठेवली.

“वीसच्या वीस?”

“हो,” झोराना म्हणाली.

“आणि गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षी आलेल्या दहाबारांत पाच तर मी पकडून आणलेले होते,” आईनं सांगून टाकलं. “त्यातल्या एकाला तर ऐकूच येत नव्हतं बिचाऱ्याला. तोच शेवटपर्यंत बसला.”

तिहोमिर शांतपणे म्हणाला, “पोस्टात नोकरी मिळत होती मला. उझित्से आहे म्हणून सोडली. आम्ही कधीच मेलो होतो, बाई. सुखानं पुरू का दिलं नाहीत?”

झोरानापाशी एकच उत्तर होतं.

“मला ऐकायचं होतं,” ती म्हणाली.

“झालं का रडून?” आई खुर्ची ओढून बसली आणि माशांची पुडी सोडली. “आता आलेच आहे थंडीतून तर वाजवा काहीतरी. माझ्या लग्नात वाजलं होतं ते आलुबुखाराच्या बागेचं येतं का? की तेवढंही येत नाही?”

वुकाशिननं तिहोमिरकडे पाहिलं. तिहोमिरनं कोट काढला.

आणि ते वाजवू लागले. झोरानानं त्यांची प्रत्येक मैफल ऐकली होती, पण असं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. वुकाशिन डोळे मिटून, मान टाकून गात होता. वीस वर्षं जे पेटलं नाही ते आईच्या एका फर्माइशीला पेटलं. आई उठली, दोन्ही हात पसरून नाचली. मग पर्समधून नोट काढली, तिला थुंकी लावली आणि सरळ वुकाशिनच्या कपाळावर चिकटवली. दौलतजादा करावा तर असा. झोरानाला वाटलं, तो आता नोट फाडून फेकेल. तो हसला. गाताना तो हसतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिला मत्सर वाटला, आणि मत्सर कुणाचा, तर स्वतःच्या आईचा.

बिल्ल्यांचा डबा ती तिथंच विसरली. कुणी परत आणून दिला नाही.

रविवारी सकाळी आई चुलीपाशी तेच गाणं गुणगुणत होती.

“गुणी पोरं आहेत गं. नाचण्यासारखं वाजवतात हे आधी नाही का सांगायचं? ल्येपोसावाच्या मुलाच्या लग्नात सांगितलंय त्यांना, मे महिन्यात. तीनशे पान आहे. तूही चल.”

तीनशे माणसं. एवढ्या वर्षांत झोरानानं देवाकडे याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

“फक्त एक अट आहे,” आई भाकरी उलटत म्हणाली. “त्यांची स्वतःची गाणी वाजवायची नाहीत.”

“अट तू घातलीस?” झोरानानं विचारलं.

“मी कशाला घालू? मला कुठं माहीत त्यांची गाणी? त्यानंच घातली, गाणाऱ्यानं. म्हणाला, मावशी, तेवढं सोडून काहीही सांगा.”