एकोणीसचा पाना सोबत आणा

आधीच कबूल करून टाकते. भिलाईच्या सेक्टर सहाच्या बागेतला डबा मी फोडला. सिविक सेंटरजवळचाही मीच फोडला, आणि तोही एकदा नाही, चांगला तीनदा. डबे माझेच, लपवले मीच, तेव्हा तक्रार करायची कोणी आणि कोणाविरुद्ध? आपलेच दात, आपलेच ओठ.

हा खेळ मला पुण्याच्या लेकीनं लावला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. एक डबा लपवायचा आणि त्याची नेमकी जागा खेळाच्या साइटवर टाकायची. मग कुठलाही अनोळखी माणूस फोन हातात धरून शोधत येतो, डबा सापडला की आतल्या छोट्या वहीत दोन ओळी लिहितो आणि डबा होता तिथंच ठेवून गपचूप निघून जातो. कोणाला काही मिळत नाही. मला तर बाई तेच आवडलं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, अक्षांश-रेखांश फळ्यावर काढून काढून खांदा गेला, पण त्यांचा कोणी उपयोग करताना मी कधी पाहिलं नव्हतं. इथं माणसं त्यांच्यावर भरवसा ठेवून झुडपात हात घालत होती!

बागेतल्या डब्यात मी दगड ठेवले. राजहऱ्याच्या खाणीतला लोखंडाचा दगड, चुन्याचा दगड, डोलोमाइट, आणि सोबत एक चिठ्ठी, की भट्टीच्या पोटात हे तिन्ही जातात तेव्हा कुठं लोखंड बाहेर येतं. प्लांटच्या गावात राहून दगड ओळखता येत नाही म्हणजे काय? हाताला जडपणा तर कळू दे.

पण डबा लपवला म्हणजे संपलं असं नसतं. त्याची निगा राखावी लागते. वही भिजते, झाकण तडकतं, बिजागरी गंजते. दुरुस्ती केली नाही तर साइटवाले डबा यादीतून काढून टाकतात. हे सगळं नीट सांगते आहे, कारण पुढची माझी सगळी लबाडी ह्या एका नियमावर उभी आहे.

आमचे हे स्टील प्लांटमध्ये चार्जमन होते, मेकॅनिकल मेंटेनन्सला. काही मोडलं की ह्यांना बोलावणं यायचं. जेवणाच्या ताटावरून उठून गेले आहेत, लेकीच्या साखरपुड्यातून उठून गेले आहेत. तेव्हा मी चिडायची. मग रिटायर झाले आणि कुठंच काही मोडेना. म्हणजे मोडत असणारच, पण ह्यांना कोणी सांगेना. पहिले काही दिवस पहाटे उठून, सेफ्टी शूज घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे. मग शूज सुटले. मग दाढी सुटली. मग बोलणं सुटलं. "फिरून या नं जरा," म्हटलं की एकच उत्तर, "कायले?"

त्या 'कायले'ची मला भीती वाटायला लागली. नवऱ्याचा आरडाओरडा सहन करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण हा गप्प बसलेला माणूस मला बघवेना. खुर्चीची वेताची बैठक खाली झुकत चालली होती आणि ह्यांना त्यातून कसं उठवायचं ते मला कळत नव्हतं.

उठवलं ते खारीनं. बागेतल्या डब्याचं झाकण तिनं कुरतडलं. पाणी शिरलं, वहीचा लगदा झाला. मी डबा घरी आणला आणि जुन्या ओढणीच्या चिंधीनं पुसत बसले. ह्यांनी तिरप्या नजरेनं पाहिलं.

"गॅस्केट कुठं हाय याची?"

"कसली गॅस्केट? पोळ्यांचा डबा आहे हा."

"गॅस्केट नाही तं पाणी शिरन नाही तं काय होईन?" असं म्हणत हे उठले. अहो, उठले! हत्यारांची पेटी खाटेखालून ओढली. दुपारपर्यंत सायकलच्या ट्यूबचा रबर कापून झाकणाला बसवला होता. संध्याकाळी दाढी करून, स्कूटरवर बसून स्वतः डबा बागेत ठेवून आले आणि जेवताना पाऊण तास मला खारीच्या दातांबद्दल सांगत होते. मी हं हं करत वाढत राहिले.

पुढचे आठ दिवस डबा ठणठणीत राहिला आणि हे परत खुर्चीत. नवव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मला वाटलं, खार जे करू शकते ते मला का येऊ नये?

पहिल्यांदा नुसतं पाणी ओतलं. सकाळच्या फिरण्याला म्हणून निघाले, पिशवीत पाण्याची बाटली. डबा उघडला, अर्धी बाटली आत, झाकण लावलं. तेवढ्यात शेजारच्या ब्लॉकमधल्या बाई मागून म्हणाल्या, "क्या ढूंढ रही हैं, मैडम?" मी म्हटलं, "चश्मा." चष्मा माझ्या नाकावर होता. त्या बाईंनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच पुढं गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलतात.

घरी येऊन मी चेहरा पाडला. "अहो, डब्यात पाणी शिरलं म्हणे परत."

"माह्या गॅस्केटमधून? शक्यच नाही!" आणि निघालेच की पाने घेऊन.

मग मला चटकच लागली. कधी झाकण दगडानं तडकवलं, कधी बिजागरीचा खिळा काढला. सिविक सेंटरजवळची डबी लोहचुंबकानं लोखंडी कठड्याला चिकटलेली असायची, तिचं चुंबकच उपटून आणलं आणि मसाल्याच्या डब्यात लपवलं. दोन दिवस हळद घेताना चमचा सुटता सुटेना.

ह्यांची दुरुस्ती मात्र दर खेपेला वजनदार होत चालली. प्लास्टिक गेलं, पत्रा आला. पत्र्यावर लाल ऑक्साइड आलं. त्यावर पिवळा-काळा पट्टा आला, तेव्हा मी म्हटलं, "अहो, लपवायचा आहे तो!" तेव्हा कुठं हिरवा मारला. शेवटी तर झाकण चार बोल्टांनी आवळून टाकलं. रायपूरहून आलेल्या एका खेळाडूला डबा सापडला पण उघडेना. त्यानं साइटवर लिहिलं, की आयुष्यात इतके डबे शोधले, पण हात जोडायची पाळी पहिल्यांदा आली. ह्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, "एकोणीसचा पाना सोबत आणा." आणि गंमत म्हणजे पुढचे लोक खरंच आणायला लागले. भिलाईत पान्याला काय तोटा!

पण खरी मजा होती वहीत. ह्यांना वाटलं, वही म्हणजे शिफ्टचं लॉगबुक. येणारे लोक लिहायचे, छान जागा, मजा आली. त्यांच्या मध्येच ह्यांचं टपोरं अक्षर, 'फर्स्ट शिफ्ट. झाकण क्रॅक आढळले. कारण अज्ञात. नवीन बसविले. जॉब कम्प्लीट.' आणि खाली सही. पुढच्या पानावर, 'बिजागरी निखळलेली. कारण अज्ञात.' त्याच्या पुढं परत, 'कारण अज्ञात.' मी बागेत बसून ती पानं वाचायची आणि पदर तोंडात धरून हसायची. म्हटलं, बरं आहे बाई, सापडले नाही.

तेव्हाच कळायला हवं होतं मला. हा माणूस आयुष्यभर घरी येऊन एकच गोष्ट सांगायचा, की कारण सापडल्याशिवाय जॉब बंद करायचा नसतो. ज्युनियर पोरांनी रकान्यात 'अज्ञात' लिहिलं की लॉगबुक अंगावर फेकायचा. पण चोरी पचत गेली की डोकं चालत नाही.

मधल्या काळात मी एक वेगळं काम केलं. ह्या खेळात एक प्रकार भूगर्भाचा असतो. त्यात डबाच नसतो. तुम्ही एखादा खडक दाखवायचा, त्यावर प्रश्न विचारायचे, लोकांनी तिथं जाऊन, निरखून उत्तरं पाठवायची. मला शिवनाथ नदीच्या काठावर, दुर्गच्या पुढं एक खडक ठाऊक होता. चुन्याच्या दगडात वाटोळी वाटोळी कडी, पत्ताकोबी आडवी कापावी तशी. इथं कधीकाळी उथळ समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव चिकट थर धरायचे, त्यावर चुन्याचा गाळ बसायचा, मग त्यावर नवीन थर. त्याचा दगड झाला. परवानगीसाठी गावच्या सरपंचाकडे गेले, तर ते म्हणाले, "मैडम, रखना क्या है?" मी म्हटलं, "कुछ नहीं." ते खूप वेळ विचार करून म्हणाले, "तो मना किस चीज़ की करूं?" आणि चहा पाजला.

ह्यांना तो प्रकार अजिबात पटला नाही. "डब्बा नाही, झाकण नाही, बोल्ट नाही. याचं मेंटेनन्स काय करू मी? नदी पुसू?"

आणि मग मी स्वतःच पडले. बागेतल्या त्या पोलादी डब्याचा एक बोल्ट सैल करायला गेले होते, घरचाच एकोणीसचा पाना घेऊन. पाना निसटला, मी गेले कडेच्या दगडावर, मनगट मोडलं. ह्यांना सांगितलं, चालताना पाय घसरला. प्लास्टर पडलं ते दीड महिन्याचं, आणि उजव्या हाताला.

उजवा हात गेला म्हणजे मोडतोड गेली. डाव्या हातानं प्रयत्न करून पाहिला, पण ह्यांनी डबे असे करून ठेवले होते की हत्तीच्यानं वाकले नसते. आठवडा गेला, दुसरा गेला, कुठंही काही बिघडेना. हे माझी वेणी घालायचे, वाकडीतिकडी, वरण-भात लावायचे आणि तेवढं झालं की व्हरांड्यात जाऊन बसायचे. खुर्ची परत करकरायला लागली. एका सकाळी दाढी केलेली दिसली नाही.

मी म्हटलं, "अहो, नदीवरच्या खडकाचे प्रश्न चुकलेत वाटतं. बघून येता का?"

"कायले?"

झालं! तोच शब्द. मी आत येऊन डोळे पुसले. प्लास्टर पुसायला चांगलं नसतं, टोचतं.

चार दिवसांनी हे भाजी आणतो म्हणून सकाळी निघाले ते दुपारी आले. पिशवी रिकामी. पायात सेफ्टी शूज, आणि शूजना वाळलेला चिखल.

"भाजी?"

"नव्हती ताजी," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

भिलाईच्या बाजारात भाजी नव्हती!

संध्याकाळी फोन वाजला. खडकाची उत्तरं आली होती. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'अज्ञात'. मी पलंगावर बसून वाचायला लागले.

प्रश्न पहिला, किती कडी दिसतात? उत्तर, 'पूर्ण अकरा. अर्धी तीन, ती धरली नाहीत.' प्रश्न दुसरा, सर्वात मोठ्या कड्याची रुंदी अंदाजे किती? उत्तर, 'अंदाज चालत नाही. व्हर्नियर पुरला नाही, टेपने मोजले. दोनशे बारा मि.मी.' प्रश्न तिसरा, हे थर कसे तयार झाले असावेत? उत्तर, 'एक थर म्हणजे एक शिफ्ट. ज्याने त्याने आपले काम केले, पुढच्याला चार्ज दिला आणि गेला. काम थांबले नाही.'

इथं मला थांबावं लागलं. तीस मुलांच्या वर्गाला जे मला कधी धड सांगता आलं नाही, ते ह्या माणसानं दोन ओळींत लिहिलं होतं.

शेवटी मी एक मोकळी जागा ठेवली होती, आणखी काही सांगायचं असल्यास. तिथं लिहिलं होतं, 'मागील सर्व ब्रेकडाऊनचा अहवाल. पहिला: खार. बाकी सर्व: झाकणावर हळदीचे बोट आढळले. पहिल्याच दिवशी कारण कळले होते. जॉब बंद होऊ नये म्हणून अज्ञात लिहिले. मनगटाचे कारणही कळले आहे, पाना गवतात सापडला. ह्या ठिकाणी काहीही मोडलेले आढळले नाही. तरी आलो.'

मी रडले. सरळ सांगते, चांगली हमसून रडले, आणि मध्येच हसू यायला लागलं, कारण वरणात हळद घालताना हा माणूस इतके दिवस माझ्याकडे कसा बघत होता ते आठवलं.

नियमानुसार मालकिणीनं उत्तर तपासून कळवावं लागतं. मी डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं, 'सर्व उत्तरे बरोबर. खडकाची तपासणी दर पंधरा दिवसांनी करावी. दोघांनी मिळून.'

व्हरांड्यात फोन वाजला. खुर्ची करकरली.

"अवं," हे बाहेरून ओरडले, अगदी पूर्वीसारखे, "पंधरा दिवस लय होते. आठ कर!"