मुठी सोडवणारी

करंगळीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. मेलेल्यांना झोप नसते, तेव्हा उठण्याचा प्रश्न नव्हता. पण चारला भोंगा वाजे आणि शेडसमोर रांग लागे. म्हातारी माणसं त्या सुमारास जास्त येत. रात्रभर विचार करून शेवटी निघायचं ठरवल्यासारखी.

काम साधं होतं, सोपं नव्हतं. मरताना हातात जे असेल ते माणूस घट्ट धरून इकडे येतो, आणि बंद मूठ घेऊन पुढच्या दारातून जाता येत नाही. म्हणून प्रत्येकाला बाकावर बसवून मूठ सोडवायची. ओढाओढ करायची नाही. ओढाओढ ही आळशी माणसाची पद्धत. आधी कोमट पाण्याच्या फडक्याने मनगट शेकायचं, मग ते खालून दाबून धरायचं आणि करंगळीपासून सुरुवात करायची. ती सगळ्यात आधी दमते. ती सुटली की बाकीची बोटं शेजारणीचं बघून सुटतात. अंगठ्याला हात लावायचा नाही, तो शेवटी आपणहून येतो. नवे कामगार अंगठ्याशीच झुंजत बसत आणि अर्ध्या पाळीत गळून जात. या मुलीने ही युक्ती कुणी न शिकवता ओळखली, म्हणून मुकादमाने तिचं नाव करंगळी ठेवलं. शेडमध्ये सगळ्यात लहानही तीच होती. सतरा वर्षांची, आणि आता कायमची सतराच.

तिच्या मरणात सांगण्यासारखा पराक्रम नव्हता. घरचं मांजर गच्चीच्या कठड्यावर बसून ओरडत होतं. आई खालून वैतागून म्हणाली, "कानात बोळे घातलेत का? जा, उतरव आधी त्याला!" ही कठड्यावर चढली. मांजर आपलं आपण उतरलं. ही दुसऱ्या बाजूने उतरली.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. आईच्या स्वप्नात जाऊन सांगायचं होतं, "तू पाठवलंस म्हणून नाही गं. माझी चप्पल सटकली."

स्वप्न शेडच्या टोकाच्या खिडकीवर मिळे. पाळी संपली की मजुरीचे पितळी बिल्ले हातावर पडत. ते खिडकीवर दिले की जिवंत माणसांपर्यंत काहीबाही पोचवता येई. सगळ्यात स्वस्त म्हणजे दिवा लुकलुकवणं किंवा घरातलं भांडं पाडणं. शेजारच्या बाकावरच्या एका तरुणाने सगळी कमाई मैत्रिणीच्या खोलीतला दिवा लुकलुकवण्यात घालवली. तिने बल्ब बदलला. स्वप्न मात्र सगळ्यात महाग. करंगळीने दिव्याबिव्यांवर एक बिल्ला उडवला नाही. उलट पाळीला पाळी जोडून काम केलं.

"अशाने मरशील," मुकादम म्हणाला.

"मेलेय, मुकादम."

"हो, तेही खरंच."

एकदा एक आजोबा टीव्हीचा रिमोट धरून आले.

"आजोबा, हात सैल सोडा."

"सोडला की सून चॅनल बदलेल."

"ती आता खुशाल बदलेल."

आजोबांनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं. "म्हणजे मी गेलो का?"

"हो."

"हात्तिच्या! मला वाटलं, लाइट गेली."

रिमोट निघाला. आजोबांनी मोकळा हात उलटसुलट करून पाहिला. "तुझा हात उबदार आहे गं, पोरी."

"फडक्यामुळे," ती म्हणाली.

आजोबा दारातून गेले. मागे वळून पाहिलं नाही. कुणीच पाहत नसे. दिवसभर ती लोकांचे हात हातात घेई आणि मोकळे करून पाठवून देई. तिचा हात कुणी धरत नसे. सुट्टीत शेडमधल्या बाया घोळक्याने बसून नातवंडांविषयी बोलत. ती इकडे उशिरा यावीत म्हणून प्रार्थना करत आणि लवकर भेटावीत म्हणून रडत. करंगळी पाण्याच्या पिंपाशी एकटी बसे. तिचं इकडे कुणीच नव्हतं. घरची सगळी माणसं अजून धडधाकट होती, आणि त्याचा तिला आनंदच मानावा लागे.

शेवटी बिल्ल्यांची पिशवी भरली. ती तशीच खिडकीवर गेली. आतल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला.

"काय हवंय?"

"स्वप्न. आईच्या झोपेत."

बाईंनी मागच्या झरोक्याला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"नाही बसत."

"काय नाही बसत?"

"स्वप्न. त्याला खाली झोप अंथरलेली लागते. तुझ्या आईपाशी आहे कुठे? डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते आणि गच्चीकडे धावते. एवढ्याशा डुलकीत स्वप्न मावत नाही."

करंगळी उभीच राहिली. इतक्या पाळ्या केल्या, पण खिडकीवर एकदा येऊन आधी विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणजे रात्री घोरणारच, असं ती धरून चालली होती.

"मग मी काय करू?"

"थांब. झोपायला लागतात हळूहळू."

"कधी?"

"ते इथून दिसत नाही."

"तिला द्यायला नुसती झोप मिळते का हो इथे?"

बाईंनी चष्मा काढला. "मिळते. पण स्वप्नाच्याच भावाला. आणि त्यात तू नसशील. कुणी दिली ते तिला कळणारही नाही."

"आणि मग स्वप्नासाठी?"

"पुन्हा पहिल्यापासून."

मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं. "आटपा हो, आम्हालाही घरी भांडी पाडायची आहेत."

"मध्ये जाग येणार नाही ना?" करंगळीने विचारलं.

"नाही. उन्हं वर येईपर्यंत सलग."

"डाव्या कुशीवर झोपली की तिचा खांदा धरतो."

"उजव्या कुशीवर देते."

करंगळीने पिशवी खिडकीच्या फळीवर उपडी केली. सगळ्या पाळ्यांच्या मजुरीतून तिने आईला एक झोप घेऊन दिली. त्या झोपेत कुणी आलं नाही, आणि कुणी पडलंही नाही.