कोऱ्या खांद्यांचे टायर

गाडीतून माणूस उतरायच्या आधी उलबोसिन त्याचे टायर बघायची, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच त्याला निकालात काढायची. अल्माटीच्या खालच्या अंगाला, रायिम्बेक रस्त्यापासून आत, तिचं टायरचं दुकान होतं. दोन जॅक, एक बॅलन्सिंगचं मशीन आणि मागे भिंतीला टेकलेल्या टायरांच्या उतरंडी. बावीस वर्षं ती तिथे उभी होती आणि बावीस वर्षं येणारा प्रत्येक दुसरा माणूस तिला विचारायचा, "मास्तर कुठे आहेत?"

"मीच."

"तसं नाही, म्हणजे पुरुषमाणूस कुणी?"

मग ती हातातला पाना रोझाखूनकडे रोखायची. रोझाखून साठीचा उइगुर, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा कामगार; ती त्याला 'आका' म्हणायची, थोरला भाऊ. "तो बघा पुरुषमाणूस. पण मला विचारल्याशिवाय तो एक नट फिरवत नाही."

तिला माणसांचा तिटकारा होता असं नाही. गाडी नीट न ठेवणाऱ्या माणसांचा होता, आणि तिच्या मते ती बहुतेक सगळीच होती. त्यातही तिच्या खास मर्जीतून उतरलेले म्हणजे जबरदस्त इंजिनाच्या गाड्या घेणारे. चारशे-पाचशे घोड्यांची गाडी घ्यायची, रोज ऑफिसला न्यायची, आणि टायर बदलायची वेळ आली की विचारायचं काय, तर "जरा रुंद दिसतील असे दाखवा." त्या सगळ्या घोड्यांचं जमिनीशी नातं असतं ते चार तळहातांएवढ्या रबरापुरतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. उलबोसिन समजावायच्या फंदात पडत नसे. नुसती बघायची. तिच्या त्या बघण्याने काही गिऱ्हाइकं परत आली नव्हती, आणि तिला त्यांची आठवणही येत नव्हती.

नावापासूनच तिच्या नशिबी हे आलं होतं. तीन मुलींवर चौथीही मुलगीच झाली तेव्हा वडिलांनी नाव ठेवलं उलबोसिन, म्हणजे 'मुलगा होऊ दे'. नऊ वर्षांनी मुलगा झाला. त्याचं नाव तिलेगेन, म्हणजे देवाकडे मागून मिळालेला. तो हाताशी येईपर्यंत उलबोसिन ट्रकची चाकं उतरवायला शिकली होती, त्यामुळे वडिलांनी तिलेगेनच्या हाताला कधी ग्रीस लागू दिलं नाही. तो बँकेत लागला, टाय लावायला लागला, आणि सदतिसाव्या वर्षी त्याने जुनी पण झगझगीत जर्मन गाडी घेतली. आठ सिलिंडर, मागची चाकं ढकलणारी, गुरगुरली की शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरतील अशी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो ती घेऊन दुकानात आला. डिकीत चार नवे टायर होते.

"अपके, हे चढवून दे," तो मोठ्या बहिणीला म्हणाला. "मित्राने मिळवून दिलेत. शर्यतीचे आहेत."

उलबोसिनने एक टायर उचलून उजेडात धरला. बाजूवरची तारीख वाचली, रबरावर अंगठा दाबला. खाचा म्हणाव्यात अशा खाचा नव्हत्याच. जवळजवळ गुळगुळीत.

"कुठली शर्यत आहे तुझी? बँक ते आईचं घर?"

"अगं, पकड बघ ना यांची! चिकटतात नुसते."

"तापलेल्या डांबराला चिकटतात. थंडीत यांचं लाकूड होतं. पंधरा-वीस दिवसांत वरती डोंगराकडे बर्फ पडेल. रोज चालवणार आहेस ना? मग पावसाचं पाणी फेकतील असे उन्हाळ्याचे चार घे, आणि हिवाळ्याचे चार वेगळे घे. रिम एक नंबरने लहान कर, म्हणजे टायर जाड बसेल, खड्ड्यात रिम वाकणार नाहीत. झालं."

"लहान रिम? त्या गाडीला?" तिलेगेन हसला. "लोक काय म्हणतील, अपके? तू बायकांसारखं सुरक्षित-सुरक्षित घेऊन बसतेस. ही गाडी वेगळी आहे. तिला समजून घ्यावं लागतं."

रोझाखूनने हातातलं काम थांबवलं आणि तो छताकडे बघायला लागला.

"माझ्या दुकानात हे चढणार नाहीत," उलबोसिन म्हणाली. "ज्याने मिळवून दिले त्याच्याकडूनच चढवून घे. आणि त्याला सांग, मोकळा असला तर माझ्याकडे ये, झाडू मारायला माणूस हवाय."

तिलेगेन रागाने गेला. दुसरीकडे कुणीतरी ते टायर चढवून दिलेच. टायर चढवून देणारा माणूस अल्माटीत कुठेही मिळतो. त्याच संध्याकाळी उलबोसिनने त्या गाडीच्या मोठ्या रिमच्याच मापाची चार हिवाळी चाकं जुळवून मागच्या भिंतीला लावली आणि त्यांवर खडूने भावाचं नाव घातलं.

"माया उतू चाललीय," रोझाखून म्हणाला.

"माया कसली, आका? त्याला काही झालं तर आई मलाच बोलणार."

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी फोन आला. तिलेगेन आदल्या दिवशी आईकडे, वर डोंगराकडच्या कामेन्कात मुक्कामाला गेला होता. दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एका बाळाला पाळण्यात घालायचं जेवण होतं, तिथे आईला न्यायचं होतं. रस्ता कोरडा असताना तो वर चढला आणि सकाळी उठून बघतो तर चार बोटं बर्फ.

"अपके, येशील का जरा? गाडी थोडीशी... सरकलीये."

भावाच्या नावाची ती चार चाकं टाकून उलबोसिन बर्फासाठी खिळे ठोकलेल्या टायरची आपली व्हॅन घेऊन वर गेली. गल्लीच्या वळणावर ती गाडी तोंड खाली घालून रस्त्याकडेच्या पाटात उतरली होती. पुढचं एक चाक पाटाच्या पाण्यात, मागचं एक हवेत. भोवती सात-आठ शेजारी. एकजण म्हणत होता खाली सतरंजी टाका, दुसरा म्हणत होता मागे तिघे बसा, तिसरा दोघांना मूर्ख ठरवत होता. सगळ्यांच्या मधोमध तिलेगेन ऑफिसच्या बुटांत उभा होता. आणि पुढच्या सीटवर, पट्टा बांधलेली, मांडीवर बाउरसाकांची भली मोठी परात धरलेली त्यांची आई. तळलेल्या पिठाचा एकही गोळा सांडलेला नव्हता.

"आई, उतर," उलबोसिन म्हणाली.

"नाही उतरणार. माझ्या मुलाने बसवलंय, तोच पोचवेल. वाळू टाकत नाहीत मेले रस्त्यावर! माझ्या शिंगराचा काय दोष?"

"तुझ्या शिंगराने खुरांना साबण लावलाय."

शेजारी हसले. तिलेगेनचे कान लाल झाले. उलबोसिनने दोर बांधला, शेजाऱ्यांना कुठे ढकलायचं ते दाखवलं, आणि व्हॅनने गाडी आईसकट वर ओढून काढली. मग तिथेच बर्फावर गुडघे टेकून तिने जॅक लावला. शर्यतीचं रबर हाताला दगडासारखं लागत होतं. खालचा नट अडकला म्हणून ती पाठीवर आडवी झाली, तेव्हा वरून खिडकीची काच खाली आली.

"उलबोसिन," आई म्हणाली, "चार माणसांसमोर अशी जमिनीवर लोळतेस. शोभतं का?"

उलबोसिनने नट सोडवला. तिने चारही चाकं बदलली. खडूने लिहिलेलं नाव तिलेगेनने वाचलं आणि मान फिरवली. निघताना तो हळूच म्हणाला, "बँकेत कुणाला कळायला नको हं."

"मी तुझ्या बँकेत जात नाही. आणि गेले तरी सांगण्यासारखं हे काही भूषण नाहीये."

गाडी उतारावरून अलगद, सरळ खाली गेली. आईने मागे वळूनही पाहिलं नाही. शेजाऱ्यांपैकी ज्याने सतरंजी सुचवली होती तो म्हणाला, "मी म्हणतच होतो, चाकं बदलायला हवीत."

फेब्रुवारीत तिलेगेनची अस्तानाला बदली झाली. तिथल्या वाऱ्यात ती गाडी नको म्हणून त्याने उंच, चारही चाकांनी चालणारी दुसरी घेतली आणि जर्मन गाडी विकायची म्हणून आईच्या अंगणात लावून दिली. मार्चमधला नोरूझचा सण झाला तरी कुणी घ्यायला येईना. शेवटी तो फोनवर म्हणाला, "अपके, तूच घे ना. नाहीतरी तुझी व्हॅन मरायला टेकलीये." घासाघीस करून उलबोसिनने घेतली. सगळ्यांना सांगितलं की स्वस्तात मिळाली, पडून राहण्यापेक्षा बरी.

खरं काय ते पहिल्याच दिवशी तिला कळलं. कामेन्कातून खाली येताना, रिकाम्या रस्त्यावर, तिने पाय जरासा जास्त दाबला. पाठ सीटला चिकटली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. सत्तेचाळीस वर्षांत तो आवाज तिने स्वतःच्या तोंडून ऐकला नव्हता.

आता उन्हाळ्याचे टायर घ्यायचे होते, आणि इथे भलतंच झालं. जे उत्तर ती गिऱ्हाइकाला अर्ध्या मिनिटात तोंडावर फेकायची, ते तिला स्वतःसाठी तीन आठवडे सापडेना. आरामाचे, आवाज न करणारे टायर हातात घेतले की वाटायचं, छे, म्हाताऱ्या कारकुनाचे बूट. मधले घेतले की वाटायचं, थोडक्यासाठी कशाला हात आखडायचा? आणि रोज दुपारी ती ते सगळ्यात चिकट, जवळजवळ गुळगुळीत टायर असलेलं कॅटलॉगचं पान उघडून बसायची. मोठ्या रिमही काढाव्याशा वाटत नव्हत्या. दिसायला, खरं सांगायचं तर, फार छान दिसत होत्या.

"घे की तेच," रोझाखून लगमानच्या शेवयांचा वाडगा ओरपत म्हणाला. "शर्यत कुठे आहे, इथून बाजारापर्यंत?"

"तुम्ही जेवा, आका."

"मी जेवतोय. तू लाल का झालीस?"

रोझाखूनसमोर बोलायची सोय नव्हती म्हणून एप्रिलच्या शेवटी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या मोठ्या दुकानात गेली. आपण कोण हे तिने सांगितलं नाही. तिथला विक्रेता युगाय नावाचा कोरियन होता, चाळिशीचा, बारीक, थकलेल्या डोळ्यांचा. त्याने मास्तर कुठे, नवरा कुठे, काही विचारलं नाही. तो म्हणाला, "रोज कुठून कुठे जाता?"

तिने सांगितलं.

"आणि खरं सांगा, गाडी किती दामटता?"

"रोज," उलबोसिन म्हणाली. "वळणांवर तर फारच. डोंगरात जाते मी. मेदेउच्या वर."

मेदेउच्या वर ती शेवटची गेली होती ती शाळेच्या सहलीत. का बोलून गेली ते तिचं तिलाही कळलं नाही. युगाय बाहेर गेला, तिच्या गाडीपाशी उकिडवा बसला, टायरच्या खांद्यावरून, म्हणजे बाहेरच्या कडेवरून, त्याने बोट फिरवलं आणि परत आला.

"हिवाळ्याचं मऊ रबर, आणि बाहेर एवढं ऊन. वळणांवर दामटली असती तर खांद्यांची सालं निघाली असती. तुमचे खांदे कोरे आहेत, हानिम."

आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, थट्टा नव्हती. आणखी एक आली, एवढंच होतं. उलबोसिनला घाम फुटला. टायरचे खांदे कसे वाचायचे ते तिने स्वतः शंभर जणांना तोंडावर ऐकवलं होतं. असं बघून घेताना माणसाला कसं होतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

"चिकट हवे असतील तर विकतो मी," युगाय म्हणाला. "माझं काय जातंय? पण मेमधल्या पावसात तुम्ही मला शिव्या द्याल. अर्थात, पोचलात तर."

"मधले द्या," ती म्हणाली. "पाणी फेकणारे. आणि एक नंबर लहान रिमवर."

"मोठ्या काढायच्या? लोक नावं ठेवतील."

"लोकांना काय कळतंय!" ती एवढ्या जोरात म्हणाली की दुसऱ्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं.

टायर तिने आपल्या दुकानात नेऊन स्वतः चढवले. रोझाखूनने गाडीभोवती एक फेरी मारली. "आखूड पाटलोणीखाली मोजे दिसावेत तशी दिसतेय," तो म्हणाला. उलबोसिनने त्याला काम सांगितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी पाऊस कोसळला. पाट भरून रस्त्यावर आले. दोस्तिक रस्त्याच्या उतारावर, तिच्या पुढे, जेवण पोचवणाऱ्या एका माणसाची स्कूटर घसरली आणि पाठीवरच्या पिवळ्या पेटीसकट तो आडवा झाला. उलबोसिनने ब्रेक दाबला. गाडी घसरली नाही, वाकडी झाली नाही, सरळ रेषेत थांबली. पुढचा बंपर आणि त्या माणसाचं हेल्मेट यांच्यात हातभर अंतर होतं.

ती खाली उतरली. माणूस उठून बसला, आधी पेटी उघडून आतले डबे तपासले आणि मग वर बघून म्हणाला, "डोळे नाहीत का? बाई चालवतेय ते लांबूनच कळलं मला!"

"थांबले म्हणून बोलतोयस, गाढवा!" उलबोसिन ओरडली. "तो तुझा मागचा टायर बघ. टक्कल पडलंय! असल्या टायरवर उतारावरून येतोस, पावसात? आईने बोलायला शिकवलं, बघायला नाही शिकवलं?"

मागे हॉर्न वाजत होते. तिने त्याची स्कूटर उभी केली आणि बाजूला लावून दिली. मग त्याच्या ओल्या बाहीला धरून म्हणाली, "रायिम्बेकच्या आत माझं दुकान आहे. उद्या सकाळी नऊला ये. उशीर केलास तर दुसऱ्या कुणाकडे जा."

तो आला, साडेनऊला. उलबोसिनने त्याला अर्धा तास बाहेर उभं ठेवलं आणि मग टायर बदलून दिला.