म्हशीपाशी नसलेली नोंद

विंझरला माझं पशुखाद्याचं दुकान आहे. त्याआधी पंधरा वर्षं मी पुण्यात प्रोग्राम लिहीत होतो. त्या जोरावर मी आमच्या गुरांच्या डॉक्टरांना लसीकरणाची यादी करून दिली. पावसाळ्याआधी घटसर्प या गुरांच्या जीवघेण्या आजाराची लस टोचायची असते. कुठल्या वाडीवरची जनावरं राहिली ते माझा प्रोग्राम सांगायचा आणि डॉक्टर तेवढ्याच वाड्यांवर जायचे.

मे संपता संपता वरच्या धनगरवाड्यावरची मावशी पेंड न्यायला आली.

"डाक्टर आमच्याकडं कवा येनार?"

मी लॅपटॉपवर बघितलं. तिच्या पाचही म्हशींपुढे 'लस झाली' असं होतं.

"झालीय की मावशी तुमच्याकडची."

"कवा? म्या तर घरीच व्हते की."

"तुम्ही बाजाराला गेला असाल. सुनेनं टोचून घेतली असेल."

"म्हस माज्या सुनंला आचळाला हात लावू देत न्हाई, आन् डाक्टरला सुई टोचू दिली व्हय? तुमच्या त्या डब्यालाच इचारा, कोन आलं व्हतं ते!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. "डबा खोटं बोलत नाही, मावशी," असं म्हणालो. तिनं पेंडीचं पोतं उचललं आणि गेली.

आठवड्याभरानं डॉक्टरांचा फोन आला. मावशीची एक म्हैस गेली होती. सकाळी गळ्याखाली सूज, मग श्वासाला घरघर, दुपारी संपली. "घटसर्पच आहे," डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या यादीत तर लस झालेली दिसतेय."

मी लॅपटॉप उघडला. पायथन या भाषेत आधी 'जनावर' असा एक साचा लिहायचा. मग प्रत्येक म्हैस म्हणजे त्या साच्यातून निघालेला एक ऑब्जेक्ट, तिच्या नोंदींचं एक खातंच. ऑब्जेक्टच्या स्वतःपाशी काय काय नोंदलंय ते दाखवणारी व्हार्स नावाची आज्ञा असते. ती मी मेलेल्या म्हशीवर चालवली. मालकीण, वाडी, वय, कानातल्या बिल्ल्याचा नंबर. बस. लसीचा गुणधर्म, म्हणजे लसीची नोंद, तिच्यापाशी नव्हताच.

मी परत विचारलं, लस झाली? उत्तर आलं, हो.

ऑब्जेक्टपाशी एखादा गुणधर्म नसला तर ही भाषा साच्यात बघते आणि तिथलं उत्तर देते. साच्यात मीच 'लस झाली: हो' असं लिहून ठेवलं होतं. सुरुवातीला कामथडी गावाची यादी भरत होतो, तिथली सगळी जनावरं टोचून झाली होती, म्हणून प्रत्येकापुढे वेगळं लिहायचे कष्ट वाचवले. ते काढायचं राहिलं. पुढे डॉक्टरांच्या कागदावर ज्यांचा लसीचा रकाना कोरा होता, त्या सगळ्यांना साचा 'हो' म्हणत राहिला. मी त्याच आज्ञेनं यादीतल्या सगळ्या म्हशी एकेक करून तपासल्या. मावशीच्या उरलेल्या चारही तशाच निघाल्या. शेजारच्या दोन घरांच्याही.

डॉक्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन निघाले, मी त्यांच्या गाडीवर मागे बसलो. वाटेत ते म्हणाले, "कंप्युटर बिघडला म्हणून सांगा. त्यांना काय कळणार?" ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, आणि खरं सांगतो, चढ संपेपर्यंत मी तेच सांगायचं ठरवलं होतं.

मावशी एका म्हशीचं दावं धरून उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि मला ते जमलं नाही. लस झाली नव्हती, चूक माझी होती, असं सांगितलं.

"म्हंजी म्या आले व्हते तवा ह्ये बघता आलं असतं?"

"आलं असतं."

"लई येळ लागतो?"

"नाही. एक ओळ लिहायची."

डॉक्टरांचा हात सुई भरता भरता थांबला.

"मंग का न्हाई लिवली?"

"मला वाटलं, तुम्हीच चुकताय."

"त्ये मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून डॉक्टरांना म्हणाली, "आदी हिला टोचा. ही गाभन हाय."